आडात होतं, पोहराच फुटला

कॅनडात कॅलगरीला असताना आमच्या वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहायचे, व्हेनेझुएलाचे, मराकायबो गावचे. ऑफिसातही माझ्यापासून दोनच डेस्क सोडून बसायचे. आमची कन्या तेव्हा साडेचार वर्षांची, तिला त्यांचं नाव काही केल्या उच्चारता येईना, म्हणून तिने त्यांना तेलवाले काका करून टाकलं आणि मग आमच्या घरात तेच नाव पडलं. बायको त्यांना एकदा ज्वारीची भाकरी खायला घालत होती तर ते म्हणाले ही तर आमची आरेपा, फक्त तुम्ही फार पातळ करता. पुढच्या रविवारी मक्याचं पीठ घेऊन आले आणि आमच्याच तव्यावर जाडजूड आरेपा थापून दाखवल्या, मधे चिरून त्यात चीज वगैरे भरून. त्या पिठाचं पाकीट पिवळं, त्यावर डोक्याला रुमाल बांधलेल्या बाईचं चित्र. आरिना पान हे त्या पिठाचं नाव, त्यांच्याकडे घरोघरी तेच, आपल्याकडे पार्ले-जीचं जे स्थान आहे तसं समजा. मी पाकीट उलटून बघितलं तर मागे लिहिलेलं, मेड इन कोलंबिया. काकांना दाखवलं तर म्हणाले हो, आता पीठही तिकडेच गेलंय.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण आमचा फॅमिली ग्रुप. कोणीतरी व्हेनेझुएलावरचा फॉरवर्ड टाकला, "फुकट वाटलं की देशाचं काय होतं बघा" टाइपचा. त्यावर आमच्या एका भावाने लगेच उलटा फॉरवर्ड टाकला की सगळं अमेरिकेच्या निर्बंधांमुळे झालं. मग दोन दिवस जुंपली. मी गप्प बसलो कारण वीस ओळींच्या आत हे सांगणं शक्य नाही आणि ग्रुपवर वीस ओळी कोणी वाचत नाही. म्हणून इथे लिहितोय. मी इकॉनॉमिस्ट नाही, पाइपलाइनला गंज कुठे लागलाय ते तपासायचं माझं काम, पण दहा वर्षं तेलाच्या धंद्यात काढली आणि त्यातली चार-पाच वर्षं तेलवाल्या काकांच्या शेजारी बसून, त्यामुळे थोडंफार कळतं असं समजायला हरकत नाही.

आपल्याकडे म्हणतात ना, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. व्हेनेझुएलाची गंमत उलटी आहे. आडात जगात सगळ्यात जास्त आहे. ३०३ अब्ज बॅरल, सौदीपेक्षाही जास्त, म्हणजे कागदावर तरी. आड तुडुंब भरलेला आणि घरात प्यायला पाणी नाही. असं कसं होतं?

थोडं मागे जावं लागेल. शंभर वर्षांपूर्वी हा देश कॉफी आणि कोको विकून जगायचा. १९१४ साली मराकायबो सरोवराच्या बाजूला पहिली मोठी विहीर लागली आणि १९२२ च्या डिसेंबरात काबिमास गावाजवळ एक विहीर अशी फुटली की नऊ दिवस तेलाचा फवारा उडत होता, दिवसाला लाखभर बॅरलचा अंदाज. काकांचे आजोबा त्या भागातले, तेल घरांच्या छपरावर पडत होतं असं घरात सांगायचे म्हणे. त्यानंतर सात-आठ वर्षांत हा देश जगातला सगळ्यात मोठा तेल निर्यातदार झाला. आणि कॉफी? तेलाचे डॉलर यायला लागले तसं त्यांचं चलन, बोलिव्हार, महाग झालं, म्हणजे बाहेरचा माल स्वस्त आणि आपला माल बाहेर विकायला महाग. कॉफीच्या मळ्यात राबण्यापेक्षा तेलाच्या कॅम्पवर कसलंही काम बरं. दोन पिढ्यांत शेती बसली. १९३६ मध्येच त्यांच्या एका मोठ्या लेखकाने, आर्तुरो उस्लार पिएत्री त्यांचं नाव, वर्तमानपत्रात लिहिलं की बाबांनो तेल पेरा, म्हणजे तेलाचा पैसा शेतीत, उद्योगात घाला. तेव्हापासून प्रत्येक सरकारने ते वाक्य भाषणात वापरलं आणि पेरलं कोणीच नाही.

सत्तरच्या दशकात तर मज्जाच. १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं, भाव तीन डॉलरवरून बारावर गेला, आणि व्हेनेझुएलात अक्षरशः पैशाचा पाऊस. पॅरिसहून राजधानी काराकासला काँकॉर्ड विमान यायचं. लोक मायामीला शॉपिंगला जायचे आणि तिथल्या दुकानदारांनी त्यांचं नावच पाडलं होतं, "स्वस्तंय, दोन दे" वाले. असतील शिते तर जमतील भुते या न्यायाने कोलंबियातून लाखो माणसं कामाला आली, घरकामाला, शेतावर, बांधकामावर. चिले-अर्जेंटिनातून लष्करी राजवटीला कंटाळलेले प्राध्यापक आले. त्याआधी दुसऱ्या महायुद्धानंतर इटली, स्पेन, पोर्तुगालचे आले होते. काकांची आईच मुळात इटालियन, वडील मराकायबोचे. सांगायचा मुद्दा, हा माणसं घेणारा देश होता, देणारा नव्हे.

आणि त्याच काळात ज्या माणसाने ओपेक, म्हणजे तेल विकणाऱ्या देशांची संघटना, काढायला मदत केली, १९६० साली बगदादमध्ये, ते हुआन पाब्लो पेरेस अल्फोन्झो, एकेकाळचे त्यांचे तेलमंत्री, ते मात्र ओरडत होते की तेल म्हणजे सैतानाची विष्ठा आहे आणि आपण त्यात बुडतोय. ओपेकच्या संस्थापकाने असं म्हणावं! लोकांनी अर्थातच म्हातारा चळलाय म्हणून सोडून दिलं.

मग १९८३. फेब्रुवारीतला एक शुक्रवार, तिकडे अजून काळा शुक्रवारच म्हणतात त्याला. तेलाचा भाव उतरायला लागला होता, कर्ज डोक्यावर, आणि वर्षानुवर्षं एका डॉलरला ४.३० बोलिव्हार हा जो भाव चालत होता तो त्या दिवशी तुटला. काका तेव्हा शाळेत होते, त्यांना आठवतं की वडील रेडिओसमोर बसले होते आणि जेवले नाहीत. १९८९ मध्ये सरकारने पेट्रोलचे भाव वाढवले, बसभाडं वाढलं आणि काराकासमध्ये जी दंगल पेटली त्यात शेकडो माणसं मेली. त्या रागातून १९९२ चा फसलेला लष्करी उठाव, आणि त्या उठावातले लेफ्टनंट कर्नल ह्युगो चावेस १९९८ मध्ये निवडणूक जिंकून राष्ट्राध्यक्ष. तेव्हा तेल दहा डॉलरच्या आसपास होतं हे विसरू नका, म्हणजे आधीच्या लोकांनी कपाट रिकामं करूनच चावी दिली होती. फॉरवर्डवाले इतिहास चावेसपासून सुरू करतात, तो तिथून सुरू होत नाही.

आता खरा मुद्दा. सगळे म्हणतात तेलाचा भाव पडला, अर्थव्यवस्था पडली, मग माणसं देश सोडून गेली. क्रम इतका सरळ नाहीये. तिथे पहिल्यांदा माणसं गेली. नंतर तेल गेलं. मग उरलेली माणसं गेली.

२००२ मध्ये सरकारी तेल कंपनी पेदेवेसा आणि चावेस यांच्यात भांडण पेटलं. कंपनीवाल्यांना वाटायचं आम्ही प्रोफेशनल लोक, सरकारने लुडबुड करू नये, आणि चावेसना वाटायचं ही कंपनी देशाच्या आत वेगळा देश आहे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं खरं तर. एप्रिलमध्ये चावेसनी टीव्हीवरच्या स्वतःच्या कार्यक्रमात फुटबॉलच्या रेफरीसारखी शिट्टी वाजवून कंपनीच्या बड्या अधिकाऱ्यांना एकेक नाव घेऊन काढलं. डिसेंबरात संप झाला, सरकार पाडायलाच केलेला, काही आठवडे तेल जवळपास ठप्प. संप मोडला आणि २००३ च्या सुरुवातीला १८ हजारांहून जास्त कर्मचारी कमी केले, म्हणजे कंपनीतली जवळजवळ निम्मी माणसं. आता हे नुसते टेबलावरचे लोक नव्हते हो. कुठली विहीर किती दाबाने चालवायची, कुठल्या पंपाला काय खोड आहे, सरोवराच्या तळाशी पसरलेल्या पाइपांच्या जाळ्यात कुठला पाइप कुठे जातो हे डोक्यात असलेले लोक. आमच्या धंद्यात ड्रॉइंगवर दिसतं ते निम्मंच असतं, बाकीचं कुणातरी फोरमनच्या डोक्यात असतं आणि तो फोरमन रिटायर झाला की बोंब होते. इथे एका झटक्यात सगळेच गेले.

काका कंपनीत नव्हते, एका छोट्या कॉन्ट्रॅक्टरकडे होते, पण संपानंतर कामं आटली, ओळखीचे साहेब सगळे घरी बसलेले, कोणाला फोन करणार. २००४ ला ते कॅलगरीला आले. का कॅलगरी? कारण कॅलगरी ज्या प्रांतात आहे त्या अल्बर्टाचं तेल आणि त्यांच्या ओरिनोको पट्ट्यातलं तेल हे चुलतभाऊ आहेत. दोन्ही जड, काकवीसारखं घट्ट, नुसतं पाइपात सोडलं तर हलणार नाही. त्यात पातळ काहीतरी मिसळावं लागतं, नॅफ्था वगैरे, किंवा मोठ्या प्लँटमध्ये त्याच्यावर प्रक्रिया करून हलकं करावं लागतं. हे काम येणारी माणसं जगात मोजकी आणि ती कुणीतरी रस्त्यावर सोडलेली, मग अल्बर्टाने उचलली. काही आखातात गेले, काही मेक्सिकोला. काही शेजारी कोलंबियात गेले आणि तिथल्या जड तेलाच्या फील्ड्स वर आणल्या, २००७ नंतर पाच-सहा वर्षांत कोलंबियाचं उत्पादन जवळपास दुप्पट झालं, दिवसाला दहा लाख बॅरलवर. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, इथे कर्माने नेऊन शेजाऱ्याच्या घरात ठेवलं.

पण हे कोणाला जाणवलंच नाही, कारण तेलाचा भाव चढत गेला. २००८ च्या जुलैत १४७ डॉलर. उत्पादन हळूहळू घसरत होतं तरी एका बॅरलमागे दसपट पैसे मिळत होते, मग कोण बघतंय. या पैशातून गरीब वस्त्यांत दवाखाने निघाले, क्यूबाचे डॉक्टर आले, शाळा, घरं, आणि गरिबी खरंच कमी झाली, हे खोटं नाही. त्याच वेळी तेल कंपनीला काय काय करायला लावलं विचारू नका. तेल कंपनी दूध आणि चिकन आयात करून वाटायला लागली आणि २०१० मध्ये बंदरात कंटेनरच्या कंटेनर अन्न सडलेलं सापडलं. कर्मचारी वाढून लाखाच्या वर गेले, तेल मात्र कमी. देखभालीचा पैसा दुसरीकडे. २०१२ मध्ये आमुआय रिफायनरीत स्फोट होऊन चाळीसच्या वर माणसं मेली, कारणांवर वाद आहेत, पण ज्याने रिफायनरीत काम केलंय त्याला विचारा, देखभाल लांबवली की काय होतं. १९९८ मध्ये पडत्या काळासाठी पैसा बाजूला टाकायचा फंड काढला होता, त्याचे नियम बदलत बदलत तोही काही वर्षांत रिकामा केला.

अजून एक गोष्ट जी फॉरवर्डमध्ये कधीच नसते. तेल काढलं म्हणजे पैसे आले असं नाही. २०१४-१५ मध्ये देश दिवसाला चोवीस-पंचवीस लाख बॅरल काढत होता. त्यातलं बरंचसं देशातच जायचं आणि देशात पेट्रोल जवळपास फुकट, टाकी भरायला जेवढे पैसे तेवढ्यात पाण्याची बाटली येत नव्हती. काही क्यूबाला आणि कॅरिबियन देशांना उधारीवर किंवा डॉक्टरांच्या बदल्यात. चीनकडून २००७ पासून अब्जावधी डॉलर कर्ज घेतलेलं, ते तेलातच फेडायचं, म्हणजे ते तेल जहाजात भरून जायचं आणि हातात काही नाही. रोख डॉलर देणारे खरे गिऱ्हाईक दोन, अमेरिका आणि भारत. हो, आपण. जामनगरची रिलायन्सची रिफायनरी असलं जड, घाण तेल पचवू शकते, आणि ते स्वस्त मिळतं म्हणून २०१२ मध्ये त्यांनी लांब मुदतीचा करार केला होता. ओएनजीसी विदेशचाही तिकडे एका फील्डमध्ये ४० टक्के हिस्सा आहे, आणि तिच्या नफ्याचे कोट्यवधी डॉलर तिकडेच अडकून पडले. म्हणजे आड त्यांचा, पोहरा त्यांचा, आणि पोहऱ्याला भोकं इतकी की वर येईपर्यंत ओंजळभर उरायचं.

आणि मग २०१४ चा जून. ११५ डॉलरला असलेलं तेल वर्ष संपता संपता निम्म्यावर आणि २०१६ च्या जानेवारीत तीसच्याही खाली.

हा काळ मला आकड्यांतून आठवत नाही, पार्किंगमधून आठवतो. आमच्या ऑफिसच्या पार्किंगला वेटिंग लिस्ट असायची, २०१५ मध्ये अर्धं पार्किंग रिकामं. दर गुरुवारी कोणाला तरी मीटिंग रूममध्ये बोलवायचे आणि तो पुठ्ठ्याचा खोका घेऊन बाहेर यायचा. २०१६ च्या मार्चमध्ये माझा नंबर लागला. कंपनीचं नाव नको, चांगले लोक होते, त्यांनाही काम नव्हतं. कॅलगरीत बेकारी दहा टक्क्यांच्या आसपास गेली त्या वर्षी. पण बघा, मला सरकारी बेकारी विमा मिळाला, आठवड्याला ठरावीक पैसे, मुलीची शाळा चालू, दवाखाना फुकट, दुकानात दूध होतं. कॅनडाचा एक प्रांत आजारी पडला होता, बाकीचा देश कामाला जात होता. व्हेनेझुएलाच्या निर्यातीच्या कमाईतले शंभरातले ९५ रुपये तेलाचे. बाकी देश नव्हताच.

काकांची नोकरी टिकली. पण त्या काळात ते माझ्यापेक्षा वाईट अवस्थेत होते, रात्री बाल्कनीत उणे वीसमध्ये फोनवर बोलताना दिसायचे. आई मराकायबोत, रक्तदाबाच्या गोळ्या मिळत नाहीत. कुरियर पोचेल की नाही याची खात्री नाही म्हणून कोणी जाणारं असेल त्याच्याकडे गोळ्या, साबण, डायपर द्यायचे. पण जाणारं कोणी उरलं नव्हतं, आणि त्याचंही कारण तेलाचेच डॉलर.

हे जरा समजून सांगतो कारण मला स्वतःला कळायला वेळ लागला. २००३ पासून तिकडे डॉलर सरकारच वाटायचं, सरकारी भावाने. बाहेर काळ्या बाजारात भाव कितीतरी पट. मग ज्याला सरकारी भावात डॉलर मिळाला तो राजा, माल आणला नाही तरी नुसता डॉलर विकून श्रीमंत. सामान्य माणसालासुद्धा परदेशात गेलं तर क्रेडिट कार्डावर ठरावीक डॉलर सरकारी भावाने मिळायचे. लोकांनी काय करावं? पेरूतल्या लिमाची किंवा कुठलीही तिकिटं काढायची, तिकडे जाऊन कार्ड घासून रोख डॉलर काढायचे, परत येऊन काळ्या बाजारात विकायचे, ट्रिपचा खर्च निघून वर नफा. २०१३ मध्ये विमानं महिनोन्‌महिने फुल्ल असायची आणि कधीकधी विमानात सीट रिकाम्या, कारण म्हणे नुसती कार्डंच दुसऱ्याबरोबर गेलेली. विमान कंपन्या तिकिटं बोलिव्हारमध्ये विकायच्या आणि त्याचे डॉलर सरकारने द्यायचे. तेलाचे डॉलर आटले तसे सरकारने ते देणं थांबवलं, थकबाकी पावणेचार अब्ज डॉलरच्या वर गेली, आणि २०१४ पासून एकेक विमान कंपनी निघून गेली, एअर कॅनडा पहिल्या काही जणांत. त्यामुळे जेव्हा खरंच देश सोडायची वेळ आली तेव्हा ज्या देशात काँकॉर्ड उतरायचं त्या देशातली माणसं बसने, आणि बसचे पैसे नाहीत ती चालत निघाली.

खाण्याचं तर काय सांगू. पिकवत काही नव्हते, सगळं आयात, आणि २०१६ पर्यंत आयात चार वर्षांपूर्वीच्या पावपट राहिली. त्यातही सरकार परदेशी कर्जाचे हप्ते भरत राहिलं, २०१७ च्या शेवटी शेवटी हात टेकले, म्हणजे लोकांच्या ताटातून काढून सावकाराला. सगळ्यात मोठ्या बिअर कंपनीने, तीच ती आरिना पानवाली पोलार, २०१६ मध्ये बिअर बंद केली कारण बार्ली आणायला डॉलर नाहीत. (काका म्हणाले औषध बंद झालं तेव्हा लोक रांगेत उभे राहिले, बिअर बंद झाली तेव्हा लोकांना कळलं की आता संपलं.) तिथल्या विद्यापीठांनी २०१७ मध्ये सर्व्हे केला त्यात बहुतेक लोक म्हणाले की वर्षभरात आमचं वजन घटलं, सरासरी अकरा किलो. डॉलर येत नाहीत म्हणून सरकारने नोटा छापल्या आणि २०१८ ची महागाई त्यांच्याच सेंट्रल बँकेच्या आकड्याने एक लाख तीस हजार टक्के. २००८ ते २०२१ या काळात चलनावरची चौदा शून्यं पुसली, तीन, मग पाच, मग सहा. कोलंबियाच्या सीमेवर कुकुता शहरात लोक नोटांच्या घड्या घालून पर्स विणायचे आणि विकायचे, काकांच्या बहिणीने एक आमच्या मुलीला पाठवली होती. अजून आहे घरात, ती त्यात खडू ठेवायची.

काकांची भाची नर्स. २०१८ च्या सुरुवातीला तिचा महिन्याचा पगार काळ्या बाजारभावाने पाच डॉलरसुद्धा होत नव्हता, बसभाड्यात संपायचा. ती निघाली. पासपोर्ट काढायला महिने लागत होते कारण छापायचा कागद नाही, तो कागदही आयातीचा! शेवटी ओळखपत्रावरच निघाली. मराकायबोहून सीमा, सिमोन बोलिव्हार पुलावरून पायी कुकुता, तिथून बसने कोलंबिया, एक्वादोर आणि पेरूची राजधानी लिमा. आठ दिवस. तिच्याकडे बसचे पैसे होते कारण मामाने पाठवले होते. बाकीचे चालत जात होते. कुकुताहून वर चढलं की बेर्लिन नावाचं पठार लागतं, तीन हजार मीटरच्या वर, रात्री गोठवणारी थंडी, आणि ही माणसं मराकायबोच्या चाळीस डिग्रीतून आलेली, हाफ पँट आणि स्लीपरवर. भाचीने बसच्या खिडकीतून बघितलं की रस्त्याच्या कडेने बायका मुलांना कडेवर घेऊन चालल्यात, आणि तिला त्यात तिच्या हॉस्पिटलमधली एक ओळखीची बाई दिसली. बस थांबली नाही.

लिमात ती नर्स म्हणून नाही लागली, डिग्रीच्या कागदांवर शिक्के नव्हते. सकाळी आरेपा विकायची. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पेरूने पासपोर्ट सक्तीचा केला आणि पुढच्या वर्षी व्हिसा, म्हणजे ती थोडक्यात आत शिरली. कोलंबियाने मात्र वेगळं केलं. २०२१ मध्ये तिथल्या सरकारने लाखो व्हेनेझुएलन लोकांना दहा वर्षांचा कायदेशीर परवाना दिला. त्यामागे थोडी जाण असणार, कारण एकेकाळी त्यांचीच माणसं त्याच पुलावरून उलट्या दिशेने कामाला गेली होती. एकूण सुमारे ७९ लाख माणसं गेली, त्यातली अठ्ठावीस लाखांच्या आसपास एकट्या कोलंबियात. साधारण तीन कोटींच्या देशातून. पुणे आणि पिंपरी-चिंचवड दोन्ही रिकामी करा, तरी तेवढी माणसं भरणार नाहीत.

इथे मला आखात आठवतं. आमच्या रत्नागिरीकडच्या नात्यात प्रत्येक घरातला एक जण कुवेत-सौदीला. २०१६ मध्ये तेल पडलं तेव्हा सौदीत बांधकाम कंपन्यांचे पैसे अडकले आणि हजारो भारतीय कामगार पगाराविना अडकले, मंत्री पाठवावे लागले सरकारला. आमचा एक मावसभाऊ त्याच सुमारास रिकाम्या हाताने परत आला. आखाती देश तेलाचा धक्का असा बाहेर ढकलतात, तो येऊन बसतो केरळात नि कोकणात, त्यांचा स्वतःचा नागरिक सहसा घरीच राहतो. शिवाय त्यांनी गंगाजळी साठवलेली. व्हेनेझुएलातही आधी परदेशीच हलले, कोलंबियाचे परत गेले, २०१५ मध्ये तर सीमेवरून हाकलले. पण तेवढ्याने काय होणार, धक्काच एवढा होता. मग स्वतःची माणसं.

आणि माणसं गेली की परत तेल खाली. हेच ते चक्र. २०१७ नंतर पेदेवेसाच्या पगारात पोट भरेना म्हणून उरलेले वेल्डर, ऑपरेटरही राजीनामे देऊन निघाले, जाताना कोणी कोणी तांब्याच्या वायरी नि बुटांचे जोडसुद्धा विकून गेले. निर्बंधांबद्दल ग्रुपवरच्या त्या भावाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने कर्ज बंद केलं, २०१९ च्या जानेवारीत तेलावरच घाव घातला, मग आपल्याकडच्या रिफायनऱ्यांनीही हळूहळू हात काढला, आणि जड तेल पातळ करायला लागणारा नॅफ्था जो अमेरिकेतून यायचा तो थांबला. त्याने भयंकर फरक पडला. पण उत्पादन त्याआधीच कोसळत होतं. आजाऱ्याला जिन्यावरून ढकललं तर दोष ढकलणाऱ्याचा आहेच, तो आजारी नव्हता असं मात्र म्हणता येत नाही. २०२० मध्ये उत्पादन चार लाख बॅरलच्या आत आलं, आणि जगातल्या सगळ्यात मोठ्या तेलसाठ्याच्या देशाला पेट्रोल द्यायला इराणहून जहाजं आली. अर्थव्यवस्था सात-आठ वर्षांत पाव राहिली. युद्ध न होता.

नंतर थोडं सावरलं, दुकानांत डॉलर चालायला लागला, माल दिसायला लागला, २०२४ पर्यंत उत्पादन नऊ लाखांच्या आसपास आलं. तरी माणसं जातच राहिली, २०२३ मध्ये पनामाच्या जंगलातून पाच लाख लोक चालत गेले त्यातले निम्म्याहून जास्त व्हेनेझुएलाचे. काहींची तर ही दुसरी खेप होती, आधी पेरू किंवा चिलेला गेलेले, तिथे कोविडमध्ये काम सुटलं आणि तिथून अमेरिकेकडे.

मी २०१७ मध्ये पुण्याला परत आलो. काका अजून कॅलगरीतच. २०१९ च्या मार्चमध्ये तिकडे देशभर वीज गेली, मराकायबोत दिवसेंदिवस, शेकडो दुकानं फोडली लोकांनी, त्या उकाड्यात आई एकटी घरात होती. शेजारणीने बर्फ आणून दिला, बर्फाचे पैसे डॉलरमध्ये. त्यानंतर तीन महिन्यांनी काकांनी आईला भाचीकडे लिमाला हलवलं. ऐंशी वर्षांची बाई, लहानपणी जहाजातून इटलीहून आलेली, व्हीलचेअरवरून पूल ओलांडून गेली.

घर अजून आहे. सरोवराकडे तोंड, वरच्या गच्चीवरून रात्री कातातुम्बो नदीच्या मुखावर चमकणाऱ्या विजा दिसतात म्हणे, वर्षातल्या निम्म्या रात्री तरी. काका दर महिन्याला शेजारणीला तीस डॉलर पाठवतात, ती नळ सोडून बघते, पाणी येतं का, आणि दिवे लावून बघते. मागच्या खेपेला व्हिडिओ कॉलवर म्हणाले गिऱ्हाईक आलं होतं घराला, माझ्या इथल्या गाडीइतकी किंमत देत होतं, जुन्या गाडीइतकी. मी विचारलं मग? तर म्हणाले आई विचारते रोज, सरोवराचं पाणी हिरवं झालंय म्हणतात ते खरं का. पाइप फुटलेत ना खाली. मी सांगितलं नाही तिला. मग माझ्या मुलीला हाक मारून विचारलं, तवा अजून तोच आहे का?